गिरणीवालीची साक्ष

"बारा वर्षांची?" ओब्दुलिया किंचाळली. गिरणीच्या घरघरीतही तिचा आवाज रांगेतल्या शेवटच्या बाईपर्यंत पोचला. "पुन्हा वाच बघू, चोन. बारा लिहिलंय?"

चोन तिची शेजारीण. भिजवलेल्या मक्याची बादली दोन पायांत धरून तिने चोपडं डोळ्यांजवळ नेलं आणि ओळीखाली बोट धरून वाचलं, "'बारा वर्षांची दामारिस अंगणात निष्प्राण पडली होती. श्वास थांबून तीन तास झाले होते. सुतार तेरेसो याने पेटीचं माप घेतलं होतं. भोवती चाळीस माणसं उभी होती.' बाराच लिहिलंय गं बाई."

"चार वर्षांची होती ती! चार! शुभवर्तमानात येशूने उठवलेली याईराची मुलगी बाराची होती ना, म्हणून माझीपण बाराची करून टाकली मेल्यांनी. आणि चाळीस माणसं? माझ्या अंगणात? कोंबड्या सोडल्या तर मी एकटी होते तिथं!"

रांगेतल्या बाया हसल्या. हसणारच. लास पालोमास गावात सकाळी सहा ते आठ ओब्दुलियाच्या गिरणीवर दळणापेक्षा करमणूकच जास्त, आणि ओब्दुलिया चिडली म्हणजे तर बघायलाच नको. पण त्या शुक्रवारी ती नुसती चिडली नव्हती, घाबरली होती. गावच्या चर्चने छापलेलं हे साक्षींचं चोपडं आसपासच्या सगळ्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, वाटलं जाणार होतं, ते एक वेळ जाऊ दे. त्याची पहिली प्रत तिच्या लेकीच्या उशाखाली जाऊन बसली होती.

लेक, म्हणजे तीच ती दामारिस, आता पस्तीस वर्षांची. डाव्या स्तनात गाठ. शहरातल्या सरकारी हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं होतं, कॅन्सर आहे, पण वेळेत सापडलाय, काढून टाकू, वाचेल. येत्या गुरुवारची सकाळी सातची तारीख होती. किती खेटे घालून मिळालेली! ती चुकली की पुढची कधी मिळेल कुणास ठाऊक, आणि गाठ काही तोवर हात जोडून थांबणार नव्हती. आणि ही बया म्हणत होती, मी जाणार नाही. ज्याने मला मेलेल्यातून उठवलं त्याच्यावर अविश्वास दाखवून सुरीखाली झोपू होय?

आता खरं काय झालं होतं ते जगात एकाच बाईला माहीत होतं, आणि ती रोज सकाळी गावाचा मका दळत होती.

एकतीस वर्षांपूर्वी पोरीला हगवण लागली. दोन दिवसांत पोर सुकली, डोळे खोल गेले, हातपाय गार पडले. नवरा कामासाठी उत्तरेला गेलेला, तो गेला तो गेलाच. ओब्दुलियाने पोरीला शालीत गुंडाळलं, धावत मोठ्या रस्त्यावर आली आणि टरबुजांच्या ट्रकपुढे आडवी उभी राहिली. ड्रायव्हरने आईमाईवरून शिव्या घातल्या आणि आरोग्यकेंद्राच्या दारात नेऊन सोडलं. नर्सबाईंनी सलाइन लावलं. संध्याकाळी पोरीने डोळे उघडून भाकरी मागितली. बस्स. एवढंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी म्हातारे पाळक एलिसेओ घरी आले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "देवाने वाचवली." ओब्दुलिया म्हणाली, "आमेन." लेकरू वाचल्यावर कोणती आई आमेन म्हणणार नाही, सांगा!

पण ती आमेन फार महाग पडली. पहिल्या वर्षी म्हातारे पाळक सांगायचे, पोर फार आजारी होती. मग सांगायला लागले, डॉक्टरांनी हात टेकले होते. मग आरोग्यकेंद्रच गोष्टीतून गेलं, आणि ट्रक गेला, आणि नर्सबाई गेल्या. मग पोर मेली. एक तास मेली, दोन तास मेली, शेवटी तीन तासांवर येऊन थांबली. दरम्यान मंडळीने ओब्दुलियाच्या घरावर पत्रे घालून दिले होते, गिरणीला जागा दिली होती, आणि ओब्दुलिया मूग गिळून बसली होती. म्हातारे देवमाणूस होते, त्यांना कुठे तोंडावर खोटं पाडायचं? सात वर्षांची दामारिस पांढरा फ्रॉक घालून स्टुलावर उभी राहायची आणि म्हणायची, "मी मेले होते." बाया रडायच्या. आई मागच्या बाकावर बसून ऐकायची आणि स्वतःशी म्हणायची, जाऊ दे, कुणाचं काय बिघडतंय!

आता बिघडलं होतं.

त्या दिवशी गिरणी साडेआठलाच बंद करून ती घरी आली. दामारिस चुलीपाशी घेवडे शिजवत होती. ओब्दुलियाने चोपडं ताटांशेजारी आपटलं.

"हे सगळं खोटं आहे, दामारिस. तू मेली नव्हतीस. तुला हगवण लागली होती. सलाइनने वाचलीस."

"आई, पुन्हा नको ना."

"पुन्हा कुठलं? आजवर एकदा तरी सांगितलं का मी? चुकलं माझं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी स्वतः तुला उचलून नेलं गं, या दोन हातांनी! तुझी मान माझ्या दंडावर लोळत होती, पण श्वास होता. कान लावून लावून ऐकत होते मी वाटभर."

दामारिसने पळी बाजूला ठेवली आणि चोपड्याचं पान उघडून आईपुढे धरलं. रागावली नाही. ती कधीच रागवायची नाही, हीच तर पंचाईत होती. "हे बघ. इथे लिहिलंय, 'आई दुःखाने बेशुद्ध पडली होती.' तुला कसं आठवणार? तू शुद्धीवरच नव्हतीस."

"मी बेशुद्ध? मी? अगं, मग ट्रक कुणी थांबवला?"

"ट्रकचं कुठेच नाही यात. चारही साक्षींमध्ये नाही."

ओब्दुलियाला हसावं की रडावं कळेना. ती तिथे होती आणि ती बेशुद्ध होती, कारण तसं छापलं होतं. जे तिथे नव्हते त्यांना सगळं लख्ख दिसलं होतं.

"गुरुवारी जायचं आहे," ती म्हणाली. "बाकी सगळं चुलीत घाल. माझ्यासाठी चल."

"तूच म्हणालीस ना तेव्हा आमेन?" दामारिस हळूच म्हणाली. "मग आता का घाबरतेस?"

ओब्दुलियाने चोपडं तिच्या हातातून ओढून घेतलं. ती पाय आपटत निघाली ती थेट तेरेसो सुताराच्या अंगणात. चोपड्यातल्या चार साक्षीदारांपैकी दोघं मेली होती, तिसरा राजधानीत लेकाकडे होता. हातात सापडण्यासारखा हा एकच उरला होता. म्हातारा आंब्याखाली खुर्ची घासत बसला होता.

"तेरेसोभाऊ, माझ्या पोरीच्या पेटीचं माप तू कधी घेतलंस?"

"त्याच दिवशी. दुपारी."

"त्या आठवड्यात तू पुएर्तो बारियोस बंदरावर होतास. बोटीचं काम करायला गेला होतास. तुझी बायको माझ्याकडे मीठ मागायला आली आणि म्हणाली, हे पंधरा दिवस येत नाहीत. मला पक्कं आठवतं."

तेरेसोने घासायचं थांबवलं. "मग मी परत आलो असेन."

"कसा? उडून?"

"दुलिया, चेष्टा नको करूस. मला ती दोरी दिसते डोळ्यांपुढे. हिरवी दोरी होती. पोरीच्या टाचेपासून डोक्यापर्यंत धरली आणि गाठ मारली. एकतीस वर्षं सांगतोय मी हे. खोटं असतं तर मला दोरीचा रंग आठवला असता का?"

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी शोधून सापडत नव्हती. लबाड असता तर चार शिव्या हासडून ती मोकळी झाली असती. म्हातारा मनापासून बोलत होता, आणि मनापासून बोलणाऱ्याशी भांडायचं कसं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने त्याच्या हातची कॉफी घेतली आणि घरी आली.

शनिवारी सकाळी दहाला मंडळीत पाळक अब्दियास यांचा वर्ग असायचा. हे म्हाताऱ्या पाळकांचे चिरंजीव. वय बेचाळीस, शर्टाला कडक इस्त्री, राजधानीत दोन वर्षं राहून 'विश्वासाचं समर्थन' शिकून आलेले. बाप नुसता गोष्ट सांगायचा. पोरगा गोष्ट सिद्ध करायचा. त्यांच्यामागे पांढरा फळा होता आणि त्यावर दोन रकाने. एकीकडे शुभवर्तमानं लिहिणारे चौघे, मत्तय, मार्क, लूक, योहान. दुसरीकडे लास पालोमासचे चौघे. साठेक माणसं बसली होती. दामारिस पहिल्या रांगेत.

"समजा हे कोर्ट आहे," पाळक म्हणाले. "चार साक्षीदार येतात. चौघं एकच गोष्ट सांगतात. बारीकसारीक फरक आहेत, कुणी म्हणतो तीन तास, कुणी म्हणतो सकाळपासून. न्यायाधीश काय म्हणेल? फरक आहेत म्हणजे यांनी संगनमत केलेलं नाही! शुभवर्तमानांचंही तसंच. आणि दुसरं, ही साक्ष घटना पाहिलेली माणसं हयात असताना दिली गेली. खोटी असती तर कुणीतरी उठून म्हणालं असतं की नाही, हे खोटं आहे?"

"हे खोटं आहे," ओब्दुलिया म्हणाली.

सगळ्या माना मागे वळल्या. ती उभी होती, गिरणीतला ॲप्रन तसाच, कोपरापर्यंत पीठ.

"मी हयात आहे," ती म्हणाली. "मी पाहिलंय. मी उठलेय. आता बोला."

पाळक गोड हसले. "बोला ना, दुलियाभगिनी. आपल्या वर्गात प्रश्नांना बंदी नाही."

"प्रश्न नाही, सांगणं आहे. पोर मेली नव्हती. मी तिला आरोग्यकेंद्रात नेली. तुमचे बाबा दुसऱ्या दिवशी आले. तेरेसो गावात नव्हता. आणि बेर्ताबाईंची सहा पानांची साक्ष छापलीय तुम्ही! बेर्ताबाईंना स्वतःची सही येत नव्हती, अंगठा लावायच्या. सहा पानं कधी लिहिली त्यांनी, मेल्यावर?"

कुणीतरी फिसकन हसलं. चोनच असणार.

"त्यांनी तोंडी सांगितलं, बाबांनी लिहून ठेवलं," पाळक म्हणाले. "पूर्वीपासून असंच चालत आलंय."

"हो ना! तेच तर म्हणतेय मी. चौघं कुठले? एकच तोंड, तुमच्या बाबांचं. बाकीच्या तिघांनी त्या एकाच हंडीतलं वाढून घेतलं आणि वर आपापलं मीठ घातलं. आणि त्या पलीकडच्या रकान्यातल्यांचं तरी काय? तीस वर्षं वाचतेय मी. मत्तयात येशूच्या कबरेपाशी एक देवदूत, लुकात दोन माणसं, मार्कात एक तरुण. ओळीच्या ओळी एकमेकांसारख्या, शब्द न् शब्द तोच, आणि जिथं वेगळ्या तिथं जुळत नाहीत. मार्क म्हणतो, कबरेवर गेलेल्या बाया घाबरून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. कुणाला बोलल्याच नाहीत तर यांना कुणी सांगितलं? आणि पौल म्हणतो उठलेल्या येशूला पाचशे जणांनी पाहिलं. एकाचं तरी नाव? तुमच्या चोपड्यात माझ्या अंगणात चाळीस जण आहेत. चाळीस नकोत, चार नावं सांगा!"

आता कुणी हसत नव्हतं. पुढच्या बाकावरची एक बाई शालीआड स्वतःशी प्रार्थना पुटपुटायला लागली. पाळकांनी हातातला पेन फळ्याच्या कडेला ठेवला.

"माझ्या बाबांना या साक्षीसाठी शेजारच्या गावात दगड मारले, भगिनी. कपाळावर खूण होती मरेपर्यंत. खोट्यासाठी कुणी दगड खातो?"

"ते खोटं बोलत नव्हते," ओब्दुलिया म्हणाली, आणि इथे तिचा आवाज पहिल्यांदा उतरला. "त्यांना तसंच वाटत होतं. तेरेसोलाही वाटतं. दगड खाल्ला म्हणून वाटलेलं झालेलं होत नाही. अब्दियास, बाळा, तू स्वतः तेव्हा अकरा वर्षांचा होतास. तू पाहिलंस का काही?"

पाळकांनी फळ्यावरच्या बाबांच्या नावाकडे पाहिलं. ओब्दुलियाला वाटलं, जिंकले. तिने दामारिसकडे पाहिलं. दामारिसने नजर फळ्यावरच ठेवली होती.

मग पाळक सावकाश फळ्याकडे वळले आणि चार नावांच्या खाली त्यांनी पाचवं नाव लिहिलं. ओब्दुलिया.

"बंधुभगिनींनो, नीट ऐका," ते म्हणाले. "एखाद्याने गोष्ट रचली, तर तो त्यात स्वतःला अडचणीची गोष्ट घालेल का? मेलेली पोर उठली असं रचणारा माणूस तिची सख्खी आईच विश्वास ठेवत नाही असं कधी रचेल का? कधीच नाही! येशूच्या शिष्यांमध्ये थोमा होता, येशू उठला हे न मानणारा. त्याचा संशय त्यांनी लपवला नाही, लिहून ठेवला. का? कारण ते खरं होतं! आज देवाने आपल्याला आपला थोमा दिला. पुढच्या आवृत्तीत आपण हे लपवणार नाही. आईने संशय घेतला असं स्पष्ट छापणार. याहून मोठा पुरावा काय पाहिजे?"

"हालेलुया!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळेच ओरडले.

ओब्दुलिया तोंड उघडं टाकून उभी राहिली. काय हा निर्लज्जपणा! हो म्हटलं तर पुरावा, नाही म्हटलं तरी पुरावा, मग या लोकांना साक्षीदार लागतातच कशाला? तिची तळपायाची आग मस्तकात गेली. ती काहीतरी बोलणार तोच दामारिस उठली, बाकांमधून चालत आली आणि सगळ्यांसमोर आईच्या गळ्यात पडली.

"मी तुला क्षमा केली, आई," ती हुंदके देत म्हणाली.

साठ माणसं डोळे पुसत होती. ओब्दुलियाला आयुष्यात इतका अपमान कधी वाटला नव्हता.

घरी आल्यावर दामारिसने आईच्या ताटात चीज जरा जास्तच वाढलं, आजाऱ्याला वाढतात तसं. ओब्दुलियाने ते खाल्लं नाही.

रविवारी पहाटे ती रोजच्यासारखी उठली. गिरणी बंद असायची, पण शरीराला काय कळतं! दिवा न लावता खाटेच्या काठावर बसली आणि विचार करत राहिली. गुरुवारला चार दिवस होते. डॉक्टरीणबाईंना आणावं? दामारिस हसून कॉफी देईल. नर्सबाई? त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. आरोग्यकेंद्राची वही? पावसात भिजून कधीच गेली असेल, आणि असती तरी अब्दियासने तिचाही पुरावा केला असता. खरं सांगून पाहिलं. मोठ्याने सांगून पाहिलं. त्याचं काय झालं ते काल फळ्यावर दिसलंच. या लोकांना काय चालतं? ती स्वतःला विचारत राहिली. यांना खरं चालत नाही, मग काय चालतं? आणि उजाडायच्या आत तिला उत्तर सापडलं, तेव्हा ती तिथेच बसून स्वतःच्या तोंडावर हात दाबून रडली. राग आला होता म्हणून रडली.

दहाच्या उपासनेत साक्षीची वेळ आली तेव्हा ती उठून थेट पुढे गेली. मंडळीत कुजबूज झाली. पाळकांनी माइक द्यायला जरा वेळच लावला.

"आज पहाटे," ओब्दुलिया म्हणाली, "माझ्या खोलीत देवदूत आला होता."

मागच्या बाकांवरची माणसं पुढे वाकली.

"मी खाटेवर बसले होते. तो म्हणाला, ओब्दुलिया, तू काल बोललीस ते मी ऐकलं. मी घाबरले. तो म्हणाला, घाबरू नकोस, देवाचा निरोप आहे. मी तुझ्या लेकीला एकदा माझ्या हाताने उठवलं, आता दुसऱ्यांदा डॉक्टरांच्या हाताने उठवणार आहे. गुरुवारी सकाळी सातला तिला घेऊन जा. डॉक्टरांचा हात तो माझाच हात आहे. ती गेली नाही तर तिने मला नाही म्हटलं असं होईल."

पहिल्या रांगेत दामारिसने दोन्ही हात छातीवर घट्ट धरले होते. मागे कुणीतरी 'प्रभू, प्रभू' म्हणत होतं.

पाळक अब्दियास यांनी पुढे होऊन माइक घेतला. गंमत बघा. ज्या माणसाने अंगठेबहाद्दर बाईची सहा पानं छापली, तो आता एकदम चौकस झाला.

"दुलियाभगिनी, नक्की देवदूतच होता? स्वप्न तर नव्हतं? कालचा ताण होता तुमच्यावर. आणि तुम्ही एकट्याच होतात. दुसरं कुणी पाहिलं?"

ओब्दुलियाने माइक त्यांच्या हातातून परत घेतला.

"पाळकसाहेब, काल साऱ्या मंडळीसमोर मी सगळं नाकारलं. आज मीच सांगतेय. काल नाही म्हणणारी बाई आज असं उगाच रचेल का? कशासाठी? माझं तोंड काळं झालं कालच. तुम्हीच शिकवता ना, पौल आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करायचा, म्हणून त्याची साक्ष सगळ्यात भारी? मग माझी का हलकी?"

"हालेलुया!" या वेळी चोनच ओरडली, आणि तिच्यामागे अख्खी मंडळी.

पाळकांनी ओब्दुलियाकडे पाहिलं. तिने नजर हटवली नाही. त्यांना कळलं होतं. दोन वर्षं शिकून आलेला माणूस, इतकाही मूर्ख नव्हता. पण साठ-सत्तर माणसं उभी राहून हात वर करून रडत होती, आणि तिला खोटं पाडायला जी हत्यारं लागली असती ती सगळी त्यांनी काल स्वतःच मोडून ठेवली होती.

"आमेन," पाळक म्हणाले.

गुरुवारी पहाटेच्या बसने मायलेकी शहरात गेल्या. दामारिस सगळ्या वाटभर गाणी म्हणत होती. ऑपरेशन चार तास चाललं. ओब्दुलिया बाहेर बाकावर बसून राहिली, आणि डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "सगळी गाठ निघाली," तेव्हा तिने त्यांचे दोन्ही हात धरून चुंबले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण बाई, आता सहा महिने औषधं आहेत, दर महिन्याला यायचं. एकही खेप चुकवायची नाही. अर्धवट सोडलं तर सगळं फुकट."

"चुकवणार नाही," ओब्दुलिया म्हणाली.

दोन आठवड्यांनी पाळक अब्दियास घरी आले, वही आणि पेन घेऊन. दुसरी आवृत्ती निघणार होती, त्यात देवदूताचं पान घालायचं होतं. दामारिस खुर्चीत उशी टेकून बसली होती, चेहरा उतरलेला पण डोळे चमकत होते. ओब्दुलियाने कॉफी आणि चीजचा गोड पाव पुढे केला आणि स्वतः चुलीपाशी उभी राहिली. पाळक तिच्याशी जपून बोलत होते आणि ती त्यांच्याशी. दोघांनाही एकमेकांचं माहीत होतं.

"एकच अडचण आहे," पाळक म्हणाले. "साक्षीदार एकच. छापताना जरा..."

"मीपण पाहिलं," दामारिस म्हणाली.

ओब्दुलियाने मान वर केली.

"त्या पहाटे मी जागी होते," दामारिस सांगू लागली. "आईशी भांडण झालं होतं ना, झोप नव्हती. तिच्या दाराखालून उजेड येत होता. पांढरा, दिव्यासारखा नाही. आणि कुणीतरी बोलत होतं, पुरुषाचा आवाज, खूप मऊ. शब्द नाही कळले. मला वाटलं उठून जावं, पण पायच उचलेनात. आधी कुणाला बोलले नाही, कारण आईचा मान होता तो. आता सांगते."

पाळकांचं पेन थांबलं होतं. त्यांनी दामारिसकडे पाहिलं, मग ओब्दुलियाकडे, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा घाबरल्यासारखा दिसला.

ओब्दुलिया लेकीचा चेहरा निरखत राहिली. एखादी तरी लबाड रेघ सापडेल म्हणून शोधत राहिली. नव्हती. तिच्या पोटची पोर, तिच्या डोळ्यांदेखत, तिने अंधारात बसून बनवलेल्या गोष्टीची साक्षीदार झाली होती, आणि ती खरं बोलत होती, म्हणजे तिला तसंच वाटत होतं. अगं, मी बनवलं ते! कुणी नव्हतं तिथे, दिवासुद्धा नव्हता! शब्द अगदी ओठांपर्यंत आले. पण औषधाच्या सहाही खेपा बाकी होत्या, आणि पहिली सोमवारीच होती.

"हो ना, आई?" दामारिस म्हणाली. "उजेड होता ना?"

"हो बाळा," ओब्दुलिया म्हणाली. "होता."

पाळकांनी खाली मान घालून ते लिहून घेतलं.